दोन कॅमेरे जोडून एक स्टिरिओ: फिल्म एकदा एक घर, एकदा तीन घरं कशी सरकवावी?

खटपट्या (नाशिक) | शनिवार, रात्री ११.४०

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज अडलं म्हणून लिहितोय.

माळा आवरताना दोन एकसारखे प्लॅस्टिकचे ३५ मिमी कॅमेरे सापडले. फोकस नाही, बॅटरी नाही, शटरचा वेग एकच, मागे अंगठ्याने फिरवायचं चाक. एक माझा, एक धाकट्या बहिणीचा (तिला अजून सांगितलेलं नाही). दोन्ही मिळून एक स्टिरिओ कॅमेरा करायचं ठरवलं, म्हणजे दोन भिंगांतून एकाच वेळी दोन फोटो, दोन डोळ्यांनी बघितले की खोली दिसते. हॅक्सॉ घेतली आणि दोन्ही कापले. डाव्याची रोल बसतो ती खोबण आणि गेट (फिल्मवर चित्र पडतं ती चौकट) ठेवलं. उजव्याचं गेट, दातेरी चाक आणि फिल्म गुंडाळायचा स्पूल ठेवला. मध्ये ॲराल्डाइट, बाहेरून काळी टेप. फिल्म आता डाव्या टोकाकडून निघून दोन्ही गेटांवरून सरळ उजवीकडे जाते. दोन भिंगांमधलं अंतर ७६ मिमी.

७६ मुद्दाम घेतलं. फिल्मच्या कडेच्या दोन छिद्रांमधलं अंतर ४.७५ मिमी, नेहमीची फ्रेम ८ छिद्रांची, म्हणजे ३८ मिमी. हिला मी एक घर म्हणतो. ७६ म्हणजे बरोबर दोन घरं.

आता गोची बघा. पहिल्या फोटोला घर १ आणि घर ३ भरतं. एक घर सरकवलं की २ आणि ४ भरतं. पुन्हा एकच सरकवलं तर ३ आणि ५ समोर येतात, आणि ३ तर आधीच भरलेलं आहे. म्हणून इथे तीन घरं सरकवायची: ५ आणि ७. मग एक: ६ आणि ८. मग परत तीन. एक, तीन, एक, तीन.

कॅमेऱ्याला हे ठाऊक नाही. त्याच्यात फिल्म ओढली की फिल्मच दातेरी चाक फिरवते. त्या चाकाच्या दांड्यावर एक चकती आहे, चकतीला एक खाच. एक फेरा झाला की लॉकची पट्टी खाचेत पडते आणि अंगठ्याचं चाक अडतं. बटण दाबून फोटो काढला की पट्टी उचलली जाते. सध्या मी त्या पट्टीला सायकलच्या स्पोकचा तुकडा चिकटवून बाहेर काढलाय. तीन घरं न्यायची तेव्हा स्पोक दाबून धरतो, दोनदा खाच जाऊ देतो, मग सोडतो. शटर चढवायला (म्हणजे पुढच्या फोटोसाठी ताणून ठेवायला) तर दोन्हीकडे मिळून एक वेगळी पट्टी केली आहे, कारण डाव्या शटरला दातेरी चाक उरलेलंच नाही.

पहिला रोल गोदाघाटावर काढला. ३६ च्या रोलमध्ये १८ जोड्या निघायला हव्यात, धड निघाल्या ७. कोणी पत्ता विचारला, कोणी 'हे काय आहे हो' म्हणून थांबवलं, की मी विसरलोच: आता एक की तीन? परिणामी रामकुंडाच्या पाण्यात भाजीबाजार भरला आहे आणि कपालेश्वराच्या पायऱ्यांवरून माझाच स्कूटर चढतोय.

हे आपोआप व्हावं असं काही करता येईल का?

---

उगाचच | रविवार, सकाळी ८.०५

बारीक प्रश्न. मोडतोड कशाला करता? तीन घरं न्यायची तेव्हा भिंगांवर टोपी घालून दोनदा बटण दाबा. पट्टी आपोआप उचलली जाईल. स्पोकही नको.

---

खटपट्या | रविवार, सकाळी ९.३०

केलं होतं. भिंगं दोन, टोप्या दोन, हात दोन, आणि कॅमेरा धरायला तिसरा नाही. शिवाय मोजायचं डोक्यातच राहतं. डोकं हाच तर बिघडलेला पार्ट आहे.

---

शमा | रविवार, सकाळी १०.१५

मी कॅमेऱ्यातली नाही, पण शिवणाच्या मशीनवर बॉबिन भरते त्यावरून सुचलं. गुंडाळायच्या स्पूलवर पांढरा ठिपका काढून फेरे मोजले तर? एका घराला अमुक फेरे, तीनला तिप्पट.

---

गणितमास्तर | रविवार, दुपारी १.५०

शमाताई, बॉबिनचीच अडचण इथेही आहे. भरत गेली की जाड होते. स्पूलचा व्यास १५ मिमी धरला तर पहिल्या फेऱ्यात ४७ मिमी फिल्म ओढली जाईल. फिल्मची जाडी ०.१४ मिमीच्या आसपास. पंचवीसेक वेढे झाले की व्यास २२ च्या घरात जातो आणि त्याच एका फेऱ्यात ६९ मिमी ओढली जाते. रोल संपेपर्यंत हिशेब दीडपट चुकलेला असेल. म्हणून तर कॅमेरे छिद्रं मोजतात, फेरे नाही.

आता मूळ प्रश्न. हे कोडं तुमच्या-माझ्या आजोबांच्याही आधीचं आहे. पॅरिसच्या ज्यूल रिशारच्या कारखान्याने पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर 'होमेओस' नावाचा छिद्रांच्या ३५ मिमी फिल्मवरचा स्टिरिओ कॅमेरा काढला. जोडीतल्या दोन चित्रांच्या मधली रिकामी जागा पुढच्या जोड्यांनी भरून काढायची, ही युक्ती कोलार्दो या फ्रेंच माणसाच्या नावाने ओळखली जाते. नियम साधा आहे: भिंगांमधलं अंतर विषम घरांचं असेल (१, ३, ५), तर दर वेळी दोन घरं सरकवा, फिल्म गच्च भरते. डाव्या भिंगाला सगळी विषम घरं मिळतात, उजव्याला सगळी सम. भांडण नाही.

अमेरिकेतल्या मिल्वॉकीच्या डेव्हिड व्हाइट कंपनीचा 'स्टिरिओ रिअलिस्ट' हा याचा नमुना. सीटन रॉचवाइटने रचला, १९४७ ला बाजारात आला, १९७१ पर्यंत बनत होता. त्याचं घर ५ छिद्रांचं, गेटांमधलं अंतर तीन घरं म्हणजे १५ छिद्रं, आणि फिल्म सरकते दर वेळी १० छिद्रं. फोटोग्राफरला मोजायला काही ठेवलेलंच नाही.

तुम्ही मात्र दोन घरांचं अंतर घेतलंत, सम. तिथे एक-तीन-एक-तीन ला पर्याय नाही. ज्यांचं घर ७ छिद्रांचं त्या युरोपीय कॅमेऱ्यांनाही, उदाहरणार्थ व्हेरास्कोप एफ ४०, हीच आलटून-पालटून चाल लागायची. तेव्हा लाज वाटून घेऊ नका, संगत बरी आहे.

---

पाहुणा_विस्कॉन्सिन | रविवार, रात्री ९.२०

मास्तरांनी आमच्या गावाचं नाव काढलं म्हणून आलो. माझ्याकडे रिअलिस्ट आहे, इथल्या एका इस्टेट सेलमध्ये मिळाला. त्यातही फिल्म सरकवणं आणि शटर चढवणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत: एक बटण दाबून फिल्म मोकळी करायची, गोल मूठ अडेपर्यंत फिरवायची, आणि मग भिंगांखालची पट्टी ओढून शटर चढवायचं. तेव्हा खटपट्या, तुमची हाताने चढवायची पट्टी राहू द्या. फिल्म आणि शटर एकमेकांत गुंतलेलं नसणं हे तुमच्या पथ्यावरच आहे. तीन घरं नेताना शटर मध्येच तीनदा चढायचा प्रयत्न करणार नाही.

---

अर्धीभाकरी | सोमवार, दुपारी १२.३५

मी कंजूष माणूस, हाफ-फ्रेमवाला (नेहमीच्या एका फ्रेमच्या जागेत दोन फोटो). माझं म्हणणं, फिल्म सरकवायच्या यंत्रणेला हातच लावू नका, गेट बदला. दोन्ही गेटांवर काळा पुठ्ठा लावून चित्र १८ मिमीचं करा. मग घर झालं ४ छिद्रांचं, १९ मिमी. कॅमेरा दर वेळी ८ छिद्रं नेतोच, म्हणजे आपोआप दोन घरं. एक-तीनची कटकट संपली, आणि ३६ च्या रोलमध्ये जोड्या जवळजवळ दुप्पट.

---

गणितमास्तर | सोमवार, दुपारी २.१०

कल्पना झकास, पण अंतर ७६ आहे हो. १९ च्या हिशेबाने ती चार घरं, म्हणजे पुन्हा सम. घर १ आणि ५, मग ३ आणि ७, मग ५... ५ भरलेलं! ५७ मिमी (तीन घरं) किंवा ९५ (पाच घरं) असतं तर तुमचं शंभर टक्के बरोबर होतं. ५७ ला ३५ जोड्या, ९५ ला ३४.

---

अर्धीभाकरी | सोमवार, दुपारी २.४०

मग पुठ्ठा मधोमध लावू नका. डाव्या गेटचा डावा अर्धा उघडा, उजव्याचा उजवा अर्धा. मधलं अंतर झालं ९५. कापायला नको, जोडायला नको.

---

गणितमास्तर | सोमवार, दुपारी ३.००

अंतर ९५ झालं, पण चित्रात काय आलं? एका कॅमेऱ्यात देखाव्याचा उजवा अर्धा, दुसऱ्यात डावा अर्धा. दोन्हीत सामाईक असं काहीच नाही. दोन डोळ्यांनी दोन वेगळ्या खिडक्यांतून बाहेर बघितल्यासारखं होईल. भिंगंही सरकवणार असाल तर बोला.

---

अर्धीभाकरी | सोमवार, दुपारी ३.०५

:( मागे घेतो. पण नवा कॅमेरा जोडणार असाल तर ५७ लक्षात ठेवा. आणि जवळच्या वस्तूंनाही ते बरं. भिंगांमधल्या अंतराच्या तीसपट लांब उभं राहावं असा ढोबळ नियम आहे. ५७ ला पावणेदोन मीटर, ७६ ला सव्वादोन.

---

तंबूवाला (सातारा) | सोमवार, रात्री १०.५०

आज कामावरून येऊन सगळं वाचलं. मास्तरांचं गणित मला निम्मं कळलं, पण 'एक आणि तीन' वाचून लगेच डोक्यात आलं: एक अधिक तीन चार. आणि चार म्हटलं की क्रॉस!

आमचे आबा तंबूत सिनेमाचं मशीन चालवायचे. पुसेगावची जत्रा, अजून कुठकुठल्या जत्रा, ट्रकमधनं मशीन घेऊन. लहानपणी ते मशीन पुसताना मला क्रॉस दाखवायचे. माल्टा क्रॉस म्हणतात, इंजिनिअर लोक जिनिव्हा म्हणतात. चार खाचांचं पत्त्यांतल्या किलवरसारखं चाक. शेजारी एक चकती, तिच्यावर एकच पिन. चकती एक फेरा फिरली की पिन एका खाचेत शिरते, क्रॉसला पाव फेरा ढकलते आणि बाहेर पडते. उरलेला पाऊण फेरा क्रॉस गप्प उभा. सिनेमाच्या फिल्मला एक चित्र ४ छिद्रांचं. क्रॉसच्या दांड्यावर १६ दात्यांचं चाक, पाव फेऱ्यात ४ दाते, म्हणजे बरोबर एक चित्र. असं सेकंदाला २४ वेळा. क्रॉस झिजला की पडद्यावर चित्र थरथरायचं आणि पब्लिक शिट्ट्या मारायची, मग आबा आईवरनं शिव्या द्यायचे. पब्लिकला नाही, क्रॉसला.

तर खटपट्या भाऊ, तुमच्या दातेरी चाकाच्या दांड्यावर पिन लावा आणि शेजारी चार खाचांचा क्रॉस बसवा. दांडा एक फेरा फिरला म्हणजे एक घर, आणि क्रॉस एक पायरी. चार पायऱ्या झाल्या की चक्र पुरं. त्या चारातल्या फक्त लागून असलेल्या दोन पायऱ्यांवर लॉक पडू द्यायचा. पहिल्यावरनं दुसरीवर जाताना एक घर. दुसरीवरनं परत पहिलीवर यायला तीन. झालं तुमचं एक-तीन.

---

गणितमास्तर | सोमवार, रात्री ११.१५

दंडवत. मी दोन दिवस गिअरचं गुणोत्तर शोधत बसलो होतो.

चार खाचांच्या क्रॉसचं माप सोपं आहे. दोन केंद्रांमधलं अंतर १२ मिमी घ्या. पिन चकतीच्या केंद्रापासून ८.५ मिमीवर, आणि क्रॉसची त्रिज्याही ८.५. चार खाचा असल्या की हे दोन आकडे सारखेच येतात, १२ गुणिले ०.७०७. पिनचा मध्य क्रॉसच्या केंद्राजवळ ३.५ मिमीपर्यंत येईल, म्हणून खाच त्याहून पिनच्या निम्म्या जाडीएवढी आणखी आत कापा.

---

उगाचच | सोमवार, रात्री ११.३०

वाखू (वाचनखूण) साठवली. मला कॅमेरा नाही, फिल्म नाही, काहीच नाही. तरी साठवली.

---

खटपट्या | पुढचा रविवार, संध्याकाळी ६.४५

अहवाल देतो. आधी वाईट बातमी.

दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडून ३ मिमी ॲक्रिलिकमध्ये क्रॉस आणि पिनची चकती लेझरने कापून आणली. तो म्हणाला, 'एवढ्याशा तुकड्याचे काय पैसे घेऊ', आणि मग घेतलेच. पिन म्हणजे शिवणाच्या सुईचा दांडा. वरचं झाकण बसेना म्हणून साबणाच्या डबीचं टोपण लावलं, काळं रंगवून.

मी शहाणपणा केला: मूळची खाचेची चकती काढून टाकली आणि लॉकची पट्टी सरळ क्रॉसवर आणली. क्रॉसच्या वर चिकटवलेल्या चकतीला दोन खाचा, तिथे पट्टी पडते. एक-तीन सुरेख मोजतोय. पण जुना रोल घालून बघितलं तर घरं कुठेही पडतात! कधी अर्ध्यावर, कधी एकमेकांवर.

---

तंबूवाला | रविवार, रात्री ८.१०

अरे भाऊ! पिन बाहेर पडल्यावर क्रॉस गप्प उभा असतो, पण दांडा तर मोकळाच फिरतो ना. तुम्ही उभ्या माणसाला दोरीने बांधलं आणि पळणाऱ्याला सोडलं. पाऊण फेरा दांडा कुठेही थांबू शकतो.

---

गणितमास्तर | रविवार, रात्री ८.२५

पाऊण फेरा म्हणजे ३८ चे पाऊण, साडेअठ्ठावीस मिमीचा ढिलेपणा. तुमची घरं कुठेही पडणारच.

मूळची खाचेची चकती परत बसवा. नेमकं कुठे थांबायचं ते तिने ठरवू द्या, ती त्यासाठीच बनली आहे. क्रॉसवरच्या चकतीने फक्त एवढंच करायचं: नको त्या दोन पायऱ्यांवर पट्टी उचलून धरायची, म्हणजे खाच खालून निघून जाईल. हव्या त्या दोन पायऱ्यांवर चकतीची कड कापलेली ठेवा, पट्टी खाली येऊ शकेल. आणि पिन खाचेच्या बरोबर विरुद्ध बाजूला लावा, १८० अंशांवर. म्हणजे खाच पट्टीखाली येईपर्यंत क्रॉस आपला सरकून स्थिर झालेला असेल. दोन्ही एकाच वेळी हलले तर पट्टी कडेवर अडखळेल.

---

शमा | रविवार, रात्री ८.४०

आणि फिल्म वाया घालवून तपासू नका. बिघडलेला रोल घाला, मागचं झाकण उघडं ठेवा, बोटाने फिल्म हलकी दाबून दोन्ही गेटांत मार्करने जोडीचा आकडा लिहा. डाव्यात १, उजव्यातही १. सरकवा. मग २, २. रोल बाहेर काढून बघा, एका घरात दोन आकडे दिसले की चूक कुठे ते कळेल. (काल यांच्या जुन्या कॅमेऱ्यावर मी हेच करून बघितलं. हो, लागली मलाही.)

---

खटपट्या | त्यानंतरचा शनिवार, रात्री ९.५५

चालतंय!!

मूळ चकती परत बसवली, पिन १८० वर. शमाताईंची मार्करची युक्ती सोन्यासारखी. फिल्मवर आकडे असे आले: १, २, १, २, ३, ४, ३, ४, ५, ६, ५, ६. एकही घर रिकामं नाही, एकातही दोन आकडे नाहीत. माझं चिकटकाम मात्र ७६ नव्हे, ७५ ला गेलंय. दोन घरांमध्ये २ मिमीची कोरी पट्टी असते, ती आता कुठे १ तर कुठे ३ मिमी दिसते. चालवून घेतलं.

एक शंका होती ती स्वतःच सोडवली: रोल घालताना क्रॉस कुठल्या पायरीवर आहे ते बघायला हवं का? पहिल्या फोटोनंतर एकाऐवजी तीन घरं गेली तर १ आणि ३, मग ४ आणि ६, ५ आणि ७. फक्त २ नंबरचं घर कोरं जातं. तेवढ्यासाठी साबणाच्या टोपणाला खिडकी पाडणार नाही.

खरा रोल काढला, पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून. १८ पैकी १७ जोड्या. पण एक विचित्र झालंय. प्रिंट शेजारी-शेजारी ठेवून बघितलं तर लेण्यांचे खांब भिंतीत आत खोल गेलेत आणि मागची भिंत पुढे आली आहे. बुद्ध साच्यातून काढल्यासारखा, आतून पोकळ. क्रॉसचा काही दोष?

---

पाहुणा_विस्कॉन्सिन | शनिवार, रात्री ११.०५

क्रॉसचा नाही, भिंगांचा. प्रत्येक भिंग आपापलं चित्र उलटं पाडतं. पट्टी सुलटी धरायला तुम्ही अख्खी फिल्म फिरवता, तेव्हा डाव्या भिंगाचं चित्र उजवीकडे जातं. दोन्ही प्रिंटांची जागा अदलाबदल करा, खांब बाहेर येतील. सगळ्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यांत हे करावंच लागतं. पुढच्या रोलआधी उजव्या गेटच्या कडेला कानशीने एक छोटी त्रिकोणी खाच करा. ती प्रत्येक उजव्या चित्राच्या कडेला उमटेल, मग घोळ नाही.

---

उगाचच | रविवार, सकाळी ७.५०

अवांतर: आमच्याकडे व्ह्यूमास्टर होता. चकतीत सात जोड्या, चौदा चित्रं. त्या लोकांचा स्वतःचा कॅमेरा होता म्हणे, तो फिल्म कशी सरकवायचा?

---

गणितमास्तर | रविवार, सकाळी ८.३०

तो वेगळाच चक्रम. १९५२ चा, ओरेगनमधल्या सॉयर्सचा. चित्रं एवढी छोटी की फिल्मच्या रुंदीत दोन रांगा बसायच्या. जाताना एका रांगेत फोटो काढायचे, मग भिंगं सरकवायची आणि परत येताना दुसऱ्या रांगेत. ३६ च्या रोलमध्ये ६९ जोड्या. शेवटी फिल्म आपोआप डबीत परत आलेली, गुंडाळायचीही कटकट नाही.

---

अर्धीभाकरी | रविवार, सकाळी ८.३२

६९!! खटपट्या, हॅक्सॉ अजून आहे का?

---

खटपट्या | रविवार, सकाळी १०.२०

प्रिंट अदलाबदल केल्या. खांब बाहेर आले. बायको, शेजारचे काका, दोघांनाही पुठ्ठ्याच्या चष्म्यातून दाखवलं. काका म्हणाले, 'फोटो बरा आहे, पण हे साबणाच्या डबीचं टोपण का?'

तंबूवाला, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. क्रॉसचा दुसरा तुकडा पाटीवाल्याने जास्तीचा कापलाय, आबांना पाठवतो. आणि गेलेली अठरावी जोडी कशाने गेली विचाराल तर उजव्या भिंगावर बोट. त्यावर क्रॉस चालत नाही.

हॅक्सॉ बहिणीने लपवली आहे.